हातापुरती भूल

ओल्या फरशीवर पाय घसरतो, तोल सावरायला हात पुढे टेकला जातो आणि शरीराचा सगळा भार मनगटावर येतो. उतारवयातल्या बायकांचे मनगट मोडते ते बहुतेक वेळा असेच. क्ष-किरण तपासणीत हाड सरकलेले दिसते आणि ते ओढून जागेवर बसवावे लागते. भुलीशिवाय हे करणे म्हणजे रुग्णाचे हाल. पण रुग्ण नुकताच जेवलेला असेल, त्यात मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर एका मनगटासाठी पूर्ण भूल देताना डॉक्टरही दहा वेळा विचार करतात. अशा वेळी एक जुनी, साधी पद्धत कामी येते. दंडाला हवा भरायचा पट्टा आवळायचा आणि हाताच्या पंजावरच्या शिरेत बधिर करणारे औषध टोचायचे. पाच-दहा मिनिटांत पट्ट्याखालचा सगळा हात बधिर होतो. रुग्ण मात्र जागा असतो, बोलत असतो. या पद्धतीला जगभर बिअर ब्लॉक म्हणतात.

हे नाव आले आउगुस्ट बिअर या जर्मन सर्जनच्या आडनावावरून. सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, त्या भुलीचा पायाही त्यांनीच घातला. एकाच माणसाने भुलीच्या दोन वेगवेगळ्या वाटा उघडून दिल्या आणि शंभर वर्षांनंतरही त्या दोन्ही वापरात आहेत, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

रक्त आवळणारा पट्टा

बिअर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या वाल्डेक संस्थानातील हेल्सेन या गावी झाला. वडील जमीन मोजणी करणारे. बर्लिन, लाइपझिग आणि कील या विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेऊन बिअर कील येथेच फ्रीडरिख फॉन एस्मार्क यांचे साहाय्यक झाले. या गुरूचे नाव आजही प्रत्येक अस्थिशल्यगृहात घेतले जाते. कारण १८७३ मध्ये एस्मार्क यांनी रबरी पट्टीची एक युक्ती सर्जनांच्या हाती दिली होती. बोटांच्या टोकापासून वरपर्यंत ही पट्टी घट्ट गुंडाळत नेली की हातातले रक्त पिळून वर ढकलले जाते. मग वरच्या बाजूला पट्टा आवळून खालची पट्टी सोडली की शस्त्रक्रियेच्या जागी रक्त येत नाही. रक्त चढवण्याची सोय नसलेल्या त्या काळात या एका पट्टीने असंख्य जीव वाचवले.

बिअर रोज ही पट्टी बांधत होते आणि सोडत होते. सोडल्यावर काय होते, याकडे त्यांचे विशेष लक्ष होते. पांढराफटक पडलेला हात पट्टा सैल होताच लालबुंद होतो, जणू उपाशी राहिलेल्या अवयवाने रक्तावर झडप घातली आहे. या निरीक्षणावरून त्यांनी एक उपचारपद्धतीच उभी केली. सांध्यांच्या क्षयात आणि पू झालेल्या जखमांत ते अवयवाच्या वरच्या बाजूला पट्टी जरा सैलसर बांधत. रक्त आत येत राही, पण परतीची वाट अडल्याने त्या भागात साठून राही. साठलेले रक्त रोगाशी झुंजते, असा त्यांचा विश्वास होता. या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९०३ मध्ये निघाले आणि जगभर गाजले. पुढे प्रतिजैविके आली आणि हा उपचार मागे पडला. पण त्यातून बिअर यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. पट्टा किती आवळावा, किती वेळ ठेवावा आणि केव्हा सोडावा, यावर शरीराच्या एका भागातला रक्ताचा कारभार बाकीच्या शरीरापासून वेगळा करता येतो. गुरूने रक्त बाहेर काढण्यासाठी पट्टा वापरला, शिष्याने ते आत ठेवण्यासाठी. औषध आत कोंडून ठेवण्यासाठीही तोच पट्टा वापरता येईल, ही कल्पना पुढे यातूनच फुलली.

स्वतःच्या पाठीवरचा प्रयोग

त्या काळी पूर्ण भूल म्हणजे तोंडावरच्या जाळीवर टाकलेले ईथर किंवा क्लोरोफॉर्मचे थेंब. भूल देणारा खास डॉक्टर नसे. जो मोकळा असेल तो हे काम करी. रुग्णाला तासन्‌तास उलट्या होत, छाती भरे आणि क्लोरोफॉर्मने एखाद्याचे हृदय अचानक बंदही पडे. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले आणि झोप न आणता वेदना थांबवण्याचा रस्ता दिसला. पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी लागणारे कोकेन विषारी ठरे. थोड्या औषधात शरीराचा मोठा भाग बधिर कसा करायचा, हा प्रश्न होता.

उत्तराचा एक धागा कीलमध्येच होता. तिथले वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याची रीत सांगितली होती. त्याच वाटेने कोकेनचे काही थेंब आत सोडले, तर सगळ्या नसा मुळापाशीच बधिर होतील, असे बिअर यांना वाटले. १६ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांनी घोट्याच्या सांध्याचा क्षय झालेल्या एका ३४ वर्षांच्या मजुरावर हे करून पाहिले. आधीच्या शस्त्रक्रियांत या माणसाला पूर्ण भुलीचा फार त्रास झाला होता. अर्धा टक्का कोकेनचे ३ मिलिलिटर द्रावण, म्हणजे जेमतेम १५ मिलिग्रॅम औषध पुरले. शस्त्रक्रिया वेदनेशिवाय झाली. नंतर मात्र त्याला उलट्या झाल्या आणि डोके दुखू लागले. आणखी काही रुग्णांतही असेच घडले.

हा त्रास नेमका कशाने होतो हे समजून घ्यायचे तर आधी स्वतःवर प्रयोग करायला हवा, असे बिअर यांनी ठरवले. २४ ऑगस्टला त्यांनी आपले साहाय्यक आउगुस्ट हिल्डेब्रांट यांना स्वतःच्या पाठीत सुई घालायला सांगितले. सुई बरोबर गेली, पण पिचकारी सुईला बसेना. या धडपडीत बरेचसे पाणी गळून गेले, औषधही सांडले आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले. त्यांच्या पाठीत ५ मिलिग्रॅम कोकेन गेले आणि काही मिनिटांत पाय बधिर झाले. बिअर यांनी त्यांच्या पायात सुया खुपसल्या, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडीने ठोकले आणि अगदी नाजूक अवयवही आवळून पाहिले. हिल्डेब्रांट यांना कळ जाणवली नाही. पाऊण तासाने संवेदना परतली. त्या रात्री दोघांनी मद्य आणि सिगारच्या संगतीत यश साजरे केले.

किंमत दुसऱ्या दिवसापासून चुकवावी लागली. बिअर उठून बसले की डोके फुटेल असे दुखे आणि आडवे झाले की थांबे. नऊ दिवस ते अंथरुणाला खिळले. हिल्डेब्रांट यांना उलट्या आणि डोकेदुखी झालीच, शिवाय हातोडीने ठोकलेल्या नडग्या काळ्यानिळ्या पडल्या. पाठीतून पाणी गळाल्याने ही डोकेदुखी होते, हा बिअर यांचा अंदाज पुढे बरोबर निघाला. आज बारीक, वेगळ्या टोकाच्या सुया वापरतात त्या याच कारणाने.

१८९९ मध्ये या कामावर प्रसिद्ध झालेला लेख एकट्या बिअर यांच्या नावावर होता. स्वतःच्या पायांवर घाव सोसणारा साहाय्यक पुढे त्यांच्यापासून दुरावला आणि त्यांचा टीकाकार बनला. बिअर यांच्या चरित्रातली ही बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पण त्याच लेखात त्यांनी आपल्या शोधाचे दोषही लपवले नाहीत. हा त्रास पाहता, प्राण्यांवर पुरेसे प्रयोग झाल्याशिवाय माणसांवर ही पद्धत सरसकट वापरणे योग्य नाही, असा सावध सूर त्यांनी लावला. इतर देशांतले सर्जन हा शोध उत्साहाने उचलत असताना शोध लावणारा स्वतः मात्र थांबला आणि कमी विषारी औषधाची वाट पाहू लागला.

दोन पट्ट्यांमधली शीर

बिअर १८९९ मध्ये ग्राइफ्सवाल्ड, १९०३ मध्ये बॉन आणि १९०७ मध्ये बर्लिन विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. बर्लिनचे पद म्हणजे जर्मन शस्त्रक्रियेतले मानाचे आसन होते. याच सुमारास आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी तयार केलेले प्रोकेन हे औषध नोव्होकेन या नावाने बाजारात आले. कोकेनइतके विषारी नसलेले हे औषध १९०५ पासून रुग्णालयांत रुजू लागले आणि बिअर यांना हवे ते मिळाले.

२२ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात त्यांनी नवी पद्धत मांडली. आधी हात उंच धरून एस्मार्क यांच्या पट्टीने त्यातले रक्त पिळून काढायचे. मग शस्त्रक्रियेच्या जागेच्या वर एक आणि खाली एक असे दोन पट्टे आवळायचे. मधल्या भागातली एक शीर छोटा छेद घेऊन उघडी करायची, तिच्यात नळी बांधायची आणि नोव्होकेनचे सौम्य द्रावण दाबाने आत सोडायचे. रिकाम्या शिरांतून औषध पसरते आणि नसांभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांतून थेट नसांपर्यंत पोहोचते.

बिअर यांनी यात दोन टप्पे टिपले. दोन पट्ट्यांमधला भाग जवळजवळ लगेच बधिर होतो, कारण तिथे औषध नसांच्या टोकांना भिडते. त्याखालचा, जिथे औषध पोहोचलेलेच नाही असा भागही काही मिनिटांनी बधिर होतो, कारण तिकडे जाणाऱ्या मोठ्या नसा वाटेतच औषधात भिजलेल्या असतात. शस्त्रक्रिया संपून पट्टा सोडला की रक्त परत वाहू लागते आणि थोड्याच वेळात संवेदना परत येते.

यातली खरी कल्पकता औषधात नव्हती. शिरेत सोडलेले औषध काही क्षणांत हृदय आणि मेंदूपर्यंत जाते. बधिर करणाऱ्या औषधाची मोठी मात्रा अशी एकदम पोहोचली, तर झटके येतात आणि हृदय थांबू शकते. म्हणजे बिअर यांनी औषध देण्यासाठी सर्वांत धोक्याची जागा निवडली आणि एका पट्ट्याच्या भरवशावर ती सुरक्षित केली. आयुष्याची वीस वर्षे पट्टे बांधण्या-सोडण्यात घालवलेल्या माणसालाच हे सुचू शकत होते.

तरीही पद्धत मागे पडली. शीर उघडी करण्यासाठी छेद घ्यावा लागे, त्यात वेळ जाई. १९११ पासून काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर सुई टोचून हाताच्या नसांचा जुडगाच बधिर करण्याच्या पद्धती आल्या. पूर्ण भूलही हळूहळू सुधारली. दोन-तीन दशकांत बिअर यांची ही युक्ती पाठ्यपुस्तकांच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

शिरस्त्राण, क्रीडांगण आणि जंगल

बिअर यांचे मन एका विषयात अडकून पडणारे नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाहिले की जोंधळ्याएवढा लोखंडी तुकडाही कवटीत घुसून मेंदूची नासधूस करतो आणि सैनिकांच्या डोक्यावरची चामडी टोपी त्याला अडवू शकत नाही. हानोव्हरचे अभियंते फ्रीडरिख श्वेर्ड यांच्यासोबत त्यांनी पोलादी शिरस्त्राणाचा आग्रह धरला. १९१६ पासून ते जर्मन सैनिकांच्या डोक्यावर दिसू लागले. युद्धानंतर, १९२० मध्ये, बर्लिनला शारीरिक शिक्षणाचे उच्च विद्यालय निघाले, त्याचे ते पहिले प्रमुख झाले. १९२५ मध्ये होमिओपॅथीकडे तुच्छतेने पाहू नये असा लेख लिहून त्यांनी व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. शोधक वृत्तीचा माणूस प्रत्येक विषयात बरोबरच असतो असे नाही, हेही त्यांच्या चरित्रातून दिसते. १९३७ मध्ये, हिटलरने जर्मनांना नोबेल स्वीकारायला बंदी घालून त्याऐवजी सुरू केलेला राष्ट्रीय पुरस्कार बिअर यांना सर्जन फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्यासह मिळाला आणि त्यांनी तो घेतला. ही नोंदही पुसता येत नाही.

त्यांचा सर्वांत आवडता उद्योग मात्र झाडांचा होता. १९१२ मध्ये त्यांनी बर्लिनच्या आग्नेयेला झाउएन या गावची जमीन विकत घेतली. तिथे रेताड मातीत नुसती पाइनची रांगेत लावलेली झाडे होती. बिअर यांनी त्यांत रुंद पानांची झाडे मिसळली, कडेने झुडपांची कुंपणे लावली आणि अनेक जातींचे नांदते जंगल उभे केले. परस्परविरोधी गोष्टींतूनच तोल साधतो, हा ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस यांचा विचार त्यांना मनापासून पटला होता. १९३२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते तिथेच रमले. १२ मार्च १९४९ रोजी, ८७ व्या वर्षी, त्यांचे तिथे निधन झाले. त्यांची कबरही त्याच जंगलात आहे.

पट्टा आणि घड्याळ

त्यांच्या निधनाच्या जेमतेम एक वर्ष आधी लिग्नोकेन बाजारात आले होते. आपल्याकडे झायलोकेन या नावाने माहीत असलेले हे औषध स्वीडनमध्ये निल्स ल्योफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. पुढे १९६३ मध्ये न्यूझीलंडचे भूलतज्ज्ञ होम्स यांनी लिग्नोकेन वापरून बिअर यांची पद्धत पुन्हा मांडली. आता छेद घेण्याची गरज नव्हती. सलाइनसाठी लावतात तशी सुई आणि रक्तदाब मोजतात तसा हवेचा पट्टा पुरेसा होता. पद्धत इतकी सोपी झाली की जगभरच्या अपघात विभागांत ती पसरली.

सोपेपणाचा तोटाही झाला. काही ठिकाणी जास्त वेळ टिकणारे ब्युपिव्हाकेन हे औषध वापरले जाऊ लागले. ते हृदयाच्या स्नायूला घट्ट चिकटते, त्यामुळे पट्टा अवेळी सुटला तर थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे फार कठीण जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये अशाने रुग्ण दगावले. एकच डॉक्टर भूलही देतोय आणि हाडही बसवतोय, पट्ट्याकडे पाहायला कोणी नाही, ही व्यवस्था किती धोक्याची आहे तेही तेव्हा लक्षात आले. या पद्धतीसाठी ब्युपिव्हाकेनचा वापर बंद झाला.

आज नियम स्पष्ट आहेत. लिग्नोकेनची मात्रा वजनानुसार ठरते. ६० किलोच्या प्रौढाला अर्धा टक्का द्रावणाचे साधारण ३५ मिलिलिटर पुरतात. पट्टा आधी तपासलेला हवा आणि त्याचा दाब रुग्णाच्या रक्तदाबापेक्षा बराच वर हवा. दुसऱ्या हातात सलाइनची सुई, शेजारी प्राणवायू आणि झटक्यांवरची औषधे तयार हवीत. हाड दोन मिनिटांत बसले, तरी औषध दिल्यापासून किमान २० मिनिटे पट्टा सोडायचा नाही. तेवढ्या वेळात बरेचसे औषध हाताच्या पेशींत मुरते आणि मग रक्तात एकदम उसळत नाही. फार वेळ ठेवायचाही नाही. साधारण तासाभरात काम संपायला हवे. पट्टा सुटल्यावर बधिरपणा लवकर जातो, म्हणून प्लास्टर आधीच घालून घेतात आणि वेदनाशामक गोळीही वेळेवर देतात.

ही भूल सर्वांसाठी नाही. चिरडलेला हात, रक्ताभिसरणाचा गंभीर आजार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती टाळतात. महाराष्ट्रासाठी यातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. पट्ट्याखाली अडलेल्या रक्तातला प्राणवायू कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, स्वतःला फिट येत असतील, हृदयाची गती मंद असेल किंवा पूर्वी दाताच्या इंजेक्शनने त्रास झाला असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

पट्टा आवळलेला असताना दंडावर कळ येते आणि तो सैल करावासा वाटतो. तो स्वतः सैल करू नये, जवळच्या नातेवाइकानेही नाही. कळ असह्य झाली तर डॉक्टरांना सांगावे. त्यांच्याकडे त्यावर उपाय असतो. पट्टा सुटल्यानंतर तोंडाभोवती मुंग्या आल्या, जिभेला धातूची चव लागली, कानात आवाज येऊ लागला किंवा चक्कर आली, तर लाजून गप्प बसू नये. रक्तात औषध जास्त गेल्याची ही पहिली चिन्हे असतात आणि ती लगेच कळली तर धोका वेळीच टाळता येतो.

बिअर यांनी मांडलेली पद्धत सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. या काळात औषध बदलले, सुया बदलल्या, रबरी पट्टीच्या जागी हवेचा पट्टा आला. पण रुग्णाची सुरक्षितता अजून त्याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पट्टा नीट आवळलेला असणे, आणि तो सोडण्याआधी कोणीतरी घड्याळाकडे पाहणे.